धाकटी टीव्हीवर

सोमवार, ३ मार्च

गेली! धाकटी टीव्हीवरच्या त्या बंद घरात गेली. आता फोन नाही, बाहेरची बातमी नाही. शाळेची व्हॅन चालवणारी माझी बहीण, आणि सोफ्यावर तिच्या शेजारी एक मॉडेल, एक आर्किटेक्ट आणि कुठल्याशा उद्योगपतीची सून. आईने आधी टीव्ही लख्ख पुसून घेतला, जणू पोरगी आतून बघणार होती! मी आत्ताच सांगून ठेवते, ही शेवटपर्यंत टिकणार.

गुरुवार, ६ मार्च

पार्लरमध्ये दिवसभर तोच विषय. ती माझी बहीण आहे हे फक्त मालकीणबाईंना ठाऊक, आणि त्यांनी बजावलंय, "गिऱ्हाइकांसमोर अवाक्षर काढायचं नाही."

वकीलबाईंचे केस रंगवत होते. म्हणाल्या, "ती व्हॅनवाली केवढ्यांदा बोलते गं! संस्कारच नाहीत." बरं, काल त्या मॉडेलने भिंतीवर कप आपटून फोडला. त्यावर बाई काय म्हणाव्यात? "बिचारीवर किती ताण आला असेल!"

म्हणजे हिने कप फोडला तर ताण, आणि आमचीचा आवाज चढला तर संस्कार! गाडीभर पोरांच्या गोंगाटावर ओरडून ओरडून तो आवाज तसा झालाय. पण बोलणार कोण? मी आपली ब्रश चालवत राहिले.

शुक्रवार, ७ मार्च

तेच. फक्त बाई दुसरी.

मंगळवार, ११ मार्च

सांगून टाकलं!

वकीलबाई म्हणाल्या, "असल्या लोकांना घेतात तरी कशाला?" त्यांचं ओलं डोकं माझ्या हातात होतं. म्हटलं, "ती माझी सख्खी बहीण आहे. पाणी फार गार नाही ना?"

बेसिनमध्ये मान अडकलेल्या बाईला उठून जाता येत नाही! मालकीणबाई पांढऱ्याफटक. मला मात्र एकदम मोकळं वाटलं. नोकरी गेली तर गेली, हातात कला आहे.

शनिवार, १५ मार्च

नोकरी जायची राहिली बाजूला, माझ्याच खुर्चीसाठी रांग लागलीय. वकीलबाई मैत्रिणींना घेऊन आल्या. आता धाकटी म्हणजे "किती साधी, किती खरी, अगदी मातीतली!" मातीतली? ती तिसऱ्या मजल्यावर वाढली.

आधी नावं ठेवली, आता लाड चाललेत. दोन्ही वेळेला तिच्याकडे नीट बघितलं कुणीच नाही. नवरा म्हणतो, "लोकांची मतं मिळतायत ना? मग सोड की."

गुरुवार, २० मार्च

कार्यक्रमवाल्यांनी घरच्यांच्या भेटीसाठी मला त्या घरात बोलावलं होतं. गळ्यात ओळखपत्र लटकवलेली एक मुलगी माझ्याकडे वरून खाली बघत म्हणाली, "ताई, ड्रेस जरा भारीच झालाय. रोजचं काही नाही का?"

"रोज मी पार्लरचा एप्रन घालते. चालेल?"

"मग निदान परिस्थितीबद्दल दोन शब्द... डोळ्यांत पाणी आलं तर छानच."

म्हटलं, "परिस्थिती चांगली आहे आमची. दोघी कमावतो."

ड्रेस बदलला नाही. धाकटी धावत येऊन गळ्यात पडली. वाळलीय. कानात पुटपुटली, "ताई, बाहेर काय म्हणतात गं माझ्याबद्दल?" काय सांगणार? म्हटलं, "आहेस तशी राहा." मॉडेल बाजूला नाक मुरडून बसली होती. तिला म्हटलं, "बाळ, नाक सरळ ठेव, कॅमेऱ्यात वाकडं दिसतं." सगळं घर हसलं. कॅमेरे माझ्याकडे वळले.

आवडलं मला. फार आवडलं.

रविवार, २३ मार्च

भेटीचा भाग दाखवला. फोन थांबता थांबेना! "बहिणीपेक्षा तूच भारी!" वकीलबाईसुद्धा तेच म्हणाल्या. आई तेवढी म्हणाली, "पोरीला मत दिलंस का?"

दिलं.

बुधवार, २६ मार्च

कार्यक्रमवाल्यांचा फोन आला. मला स्पर्धक म्हणून आत पाठवायचंय. पुढच्या आठवड्यात दोघी बहिणींपैकी एकच घरात राहणार, कोण ते लोक ठरवणार. धाकटीला यातलं काही माहीत नाही.

हो म्हटलं.