भाऊजी काहीही जाहीर करत नाहीत

ती. भाऊजींना,

पाय पुढे करणार असाल तर वाकून नमस्कार, नसाल तर लांबूनच. तब्येतीची चौकशी करणार होतो, पण गेले पंधरा दिवस अख्खं गाव तुमच्या तब्येतीची चौकशी करतंय, त्यात माझी भर नको. आमच्याकडे सगळं ठीक. माझी कंबर जागेवर आहे, हिचा खोकला गेला, आणि ही माझ्याशी बोलत नाही (तुमची बाजू घेऊन, तेव्हा तुम्हाला बरं वाटेल). पत्र लिहायचं कारण म्हणजे तुमचा फोन. तो मी गेल्या आठवड्यात चौदा वेळा लावला. चौदाही वेळा ताईने उचलला आणि तुम्ही कामात आहात असं सांगितलं. दुकानात आता काम उरलेलं नाही हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत आहे. तरीही माझी सख्खी बहीण दर वेळी तेच वाक्य त्याच आवाजात म्हणते. म्हणून शेवटी कागद घेतला. पत्र तुम्हाला मध्येच ठेवून देता येईल, पण निदान ते ताईला उचलता येणार नाही.

मला तुमची बाजू ठाऊक आहे. माझी तुम्हाला नाही, आणि ती ऐकल्याशिवाय माणसाला घराबाहेर काढायचं नसतं. गावातल्या एकुलत्या एका इंग्रजी साप्ताहिकात मी सत्तावीस वर्षं प्रूफं तपासतोय. तुम्ही त्याला "तुझं ते छापील" म्हणता, हरकत नाही. तर या छापीलला सहा महिन्यांपूर्वी नवे संपादक आले. त्यांना आम्ही भोंगा म्हणतो (त्यांच्या मागे. पुढे सर म्हणतो). आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की इंग्रजीतलं 'सेड', म्हणजे आपलं 'म्हणाला', हे क्रियापद मेलेलं आहे. अमुक सेड, तमुक सेड, असं वाचत गेलं की वाचकाला झोप येते. यापुढे आपल्या अंकात कुणीही काहीही नुसतं सांगणार नाही. त्यासाठी त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला. त्यात चोवीस क्रियापदं. 'अनाउन्स्ड', 'डिक्लेअर्ड', 'प्रोक्लेम्ड', 'प्रोनाउन्स्ड' ही वरच्या ओळीत, मानकऱ्यांसारखी (चौघांचाही अर्थ एकच, जाहीर केलं). एक क्रियापद वापरलं की त्यावर पेन्सिलने खूण करायची आणि उरलेली तेवीस संपेपर्यंत त्याला पुन्हा हात लावायचा नाही. म्हणजे कोण काय बोललं, कसं बोललं, मोठ्याने की तोंडातल्या तोंडात, याच्याशी संबंधच नाही. ज्याच्या वाट्याला जे क्रियापद येईल ते त्याने गप गळ्यात घालून घ्यायचं.

आता खरं सांगायचं तर ही खोड भोंग्याची एकट्याची नाही, ती इंग्रजी लिहिणाऱ्यांची जुनी खोड आहे, आणि माझा सगळा राग तिथून सुरू होतो. इंग्रजी पुस्तकात पाच वर्षांच्या पोराला भूक लागली की ते ती 'अनाउन्स' करतं. कुणी खोलीत यायच्या आधी त्याच्या अत्तराचा वास स्वतःला 'अनाउन्स' करून घेतो. बाईची टोपी तिची श्रीमंती 'प्रोक्लेम' करते. पाहुणा सूपचा चमचा तोंडात घालतो आणि सूप बरं आहे एवढंच न म्हणता ते उत्तम असल्याचं 'प्रोनाउन्स' करतो. अहो, याच भाषेत डॉक्टर नाडी सोडून माणूस मेल्याचं 'प्रोनाउन्स' करतात! न्यायाधीश दोषी 'प्रोनाउन्स' करतात! सरकार लढाई 'डिक्लेअर' करतं! मग सूप आणि मढं, टोपी आणि लढाई, सगळं एकाच मापाने मोजायचं? या क्रियापदांच्या मागे अधिकार लागतो आणि पुढे माणसं लागतात. तुम्ही स्वयंपाकघरात ताईला मीठ कमी आहे म्हणता तेव्हा तुमच्या मागे कसलाही अधिकार नसतो (ताई हे सही करून देईल) आणि पुढे फक्त ताई असते. आपण म्हणतो, सांगतो, बोलतो, पुटपुटतो. ज्याला दवंडी पिटायची तो ढोल आणतो, आणि ढोल दिसला की लोकही कान देतात. या इंग्रजी लिहिणाऱ्यांनी बसल्या जागी प्रत्येकाच्या गळ्यात ढोल अडकवला आहे.

तक्ता लागल्यापासून गावात काय काय झालं ते तुम्हाला ठाऊक नसेल, कारण तुम्ही छापील वाचत नाही. ग्रंथपाल बाईंनी वाचनालयात हळू बोला अशी विनंती केली, तर आमच्याकडे तीच 'प्रोक्लेम्ड' झाली, आणि त्या माउलीला भेटेल तो मोठ्या आवाजात विचारू लागला की आता हळू बोलायचं ना? न्हाव्याने सोमवारी दुकान बंद राहील एवढंच सांगितलं होतं. त्याच्या वाट्याला 'डिक्लेअर्ड' आलं, आणि दुकान कायमचं बंद होतंय असं समजून गिऱ्हाइकं त्याला विचारायला लागली की कुठल्या गावाला चाललात, आणि आमच्या डोक्यांचं काय. गटारांच्या मुकादमाने तर स्वतःचं कात्रण चौकट करून टांगलं, कारण त्याने मंगळवारी गटार उपसू असं 'प्रोनाउन्स' केलं होतं. (गटार अजून तसंच आहे. चौकट छान आहे.) आम्ही कचेरीत हसायचो. मीही हसायचो, लपवत नाही. दुसऱ्याच्या गळ्यातला ढोल बघायला मजा वाटते.

मग जुन्या दुकानांवरचा लेख निघाला आणि आमच्या बातमीदार बाई तुमच्याकडे आल्या. बाई चांगल्या आहेत, त्यांच्यावर रागावू नका, त्यांनी जे ऐकलं तेच लिहून आणलं. डोळ्याला भिंग लावून, हातातल्या घड्याळावरून मान न काढता तुम्ही म्हणालात की हल्ली संध्याकाळी बारीक काम जरा जड जातं, बघू. एवढंच. हे वाक्य तुम्ही आमच्याकडे जेवतानाही म्हणाला आहात आणि त्यानंतर पुन्हा भाजी घेतली आहे. बाईंच्या कच्च्या लेखात ते तसंच होतं, 'सेड' लावून, 'जरा'सकट, 'बघू'सकट. मग त्या तक्त्यासमोर गेल्या. त्या दिवशी पाळी होती 'अनाउन्स्ड'ची. आता 'अनाउन्स्ड' म्हटल्यावर पुढे 'जरा' शोभत नाही आणि 'बघू' तर अजिबात नाही. लग्नाच्या घोड्यावर कुणी लुंगी नेसून बसत नाही. भोंग्याने दोन्ही शब्द उडवले. उरलं ते असं, की गावातल्या सर्वांत जुन्या घड्याळदुरुस्तीवाल्यांनी आपल्याला आता बारीक काम दिसत नसल्याचं अनाउन्स केलं आहे. आणि हे मथळ्याखाली, ठळक.

हे प्रूफ शुक्रवारी दुपारी माझ्या टेबलावर आलं. मी उठलो, भोंग्याच्या खोलीत गेलो आणि भांडलो. म्हटलं, हा माणूस माझा मेहुणा आहे, त्याने उभ्या आयुष्यात काही अनाउन्स केलेलं नाही, स्वतःच्या लग्नात त्याने नाव घ्यायलासुद्धा नकार दिला होता. ज्याच्या हातावर लोक आपल्या आजोबांची घड्याळं विश्वासाने ठेवतात त्याला दिसत नाही असं ठळक छापतात? त्याच्या पोटाचा तरी विचार करायचा. तर भोंगा म्हणतो, प्रूफवाल्याने अक्षरं बघावीत, आवाज मी बघतो. अक्षरशः असं, भाऊजी.

शनिवारी सकाळी अंक घरोघरी गेला, पुढे काय झालं ते तुम्हाला मी काय सांगणार. पण मी पलीकडच्या फुटपाथवर उभा होतो हे तुम्हाला माहीत नसावं. दुकान उघडायच्या आधीच रांग होती. एकतीस माणसं मी मोजली. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, सगळे आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे. एकेक जण आपली पावती पुढे करायचा, काही घाई नव्हती हो, असं म्हणायचा आणि घड्याळ घेऊन जायचा. ज्यांची तुम्ही उघडून ठेवली होती त्यांनी चाकं पाकिटात घालून नेली. बँकेचा शिपाई भिंतीवरचं मोठं घड्याळ काखेत मारून गेला. शाळेच्या मुख्याध्यापकांनी फुलं आणली आणि उभ्या उभ्या निरोपाचं भाषण केलं, आणि तुम्ही चिमटा हातात धरून ते ऐकून घेतलंत. समोरच्या बॅटऱ्या बदलणाऱ्याने तेवढ्यात नवी पाटी लावली. तुम्ही कुणालाही काही समजावलं नाहीत. चाळीस वर्षांचं दुकान साडेअकराला रिकामं झालं. मला रस्ता ओलांडता आला नाही. मला लाज वाटत होती, आणि आताही वाटते.

पण मी गप्प बसलो नाही. खुलासा छापा म्हणून चार दिवस भोंग्याच्या उंबऱ्यावर बसलो. शेवटी त्यांनी कबूल केलं, दोन ओळी, पान सहा. मी साधं वाक्य लिहून दिलं: दुकान चालू आहे, ते बारीक काम करतात, तसं त्यांनी सांगितलं आहे. पण खुलाशालाही तक्ता लागू होता! छापून आलं की आपण काहीही अनाउन्स केलेलं नसल्याचं घड्याळवाल्यांनी डिक्लेअर केलं आहे. आता तुम्हीच सांगा, असं डिक्लेअर करणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवील? ज्यांनी पहिला लेख वाचला नव्हता त्यांनी हा वाचला, आणि काय अनाउन्स केलं नाही बुवा, म्हणून जुना अंक शोधून काढला. मागे राहिलेले सात जण मग सोमवारी आले.

इतकं सगळं असताना तुम्ही माझा फोन घेत नाही! रागवा, रागवायलाच हवं, पण माणूस बघून रागवा. राग त्या तक्त्यावर काढा, भोंग्यावर काढा, सूप 'प्रोनाउन्स' करणाऱ्या त्या पाहुण्यावर काढा. माझ्यावर का? मी तर या घरातला एकटा माणूस आहे जो पहिल्यापासून तुमच्या बाजूने भांडतोय. ताईला सांगा की तिने भावाशी असं वागणं बरं नाही. दोघांनी जेवणखाण वेळेवर करावं. पत्राला उत्तर पाठवावं, पोस्टकार्डही चालेल, एका शब्दाचं असलं तरी.

तुमचा (ताईला विचारून ठरवा कोण),
धाकटा मेहुणा

ता. क. : हे पत्र हिने वाचलं. वाचून माझ्यासमोर पुन्हा लेखणी ठेवली. तेव्हा लिहितो. तो तक्ता माझा आहे. नोकरीला लागलो तेव्हा इंग्रजी कच्चं होतं म्हणून पुस्तकांतून क्रियापदं टिपून मी तो वहीत बनवला होता. भोंग्याला माझ्या खणात सापडला. त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि मोठा करून लावला. पेन्सिलच्या खुणांची कल्पनाही माझीच, मला फार हुशारीची वाटली होती.

ता. क. दुसरा : भांडण झालं ते खरं आहे, शब्दन् शब्द खरा आहे. पण ते शनिवारी दुपारी झालं, तुमचं दुकान रिकामं झाल्यावर. शुक्रवारी प्रूफ आलं तेव्हा मी वाचलं आणि सही केली. लाल पेन्सिल हातात होती. 'जरा' आणि 'बघू' गेलेत हे मला दिसलं होतं. पण खोटं कशाला बोलू, भाऊजी, ते वाक्य वाचून माझी छाती फुगली. चाळीस वर्षं खाली मान घालून बसलेला माझ्या ताईचा नवरा इंग्रजीत, ठळक, गावापुढे काहीतरी अनाउन्स करत होता. मला वाटलं, एकदा तरी. मला तुमचा अभिमान वाटला आणि त्या नादात मी तुमचं दुकान घालवलं. माफी मागतो.

ता. क. तिसरा आणि खरा : काल मी नोकरी सोडली. कुणाला कळवलेलं नाही, तुम्हीही कळवू नका. चौदाव्या फोनला ताईच्या तोंडून निसटलं की एका आजींचं मनगटी घड्याळ अजून तुमच्याकडे आहे, त्या इंग्रजी वाचत नाहीत, आणि तुम्ही ते रोज संध्याकाळी उघडता आणि तसंच बंद करता. भाऊजी, माझे हात कुचकामी आहेत, कप उचलला तरी बशीत सांडतं. पण सत्तावीस वर्षं मुंगीच्या पायाएवढी अक्षरं वाचलेले हे डोळे अजून शाबूत आहेत. तुमचे हात चाळीस वर्षं घड्याळांत मुरलेले आहेत आणि त्यांना काहीही झालेलं नाही. मला तुमच्या टेबलाशी एक स्टूल द्या. संध्याकाळी उजेड कमी झाला की भिंग मी लावतो. चिमटा तुम्ही धरा. कुठलं चाक कुठे अडलंय ते मी बघेन आणि तुमच्या कानाशी तोंड नेऊन सांगेन. नुसतं सांगेन.