नौदलाने न घेतलेलं विमान

दादर,
५ फेब्रुवारी २०२४

ती. रघुवीरदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी बोलायला लागले की तुझं श्रवणयंत्र नेमकं बिघडतं, म्हणून पत्र लिहिते आहे.

परवा सकाळी मृणालिनीचा फोन आला. माझ्या शाळेत भूगोल शिकवायची ती. तिने माझं अभिनंदन केलं. ‘तुझा यशोधन नौदलात वैमानिक होता हे इतकी वर्षं बोलली नाहीस,’ म्हणून वर रागावलीही. परळच्या मॉडेलांच्या प्रदर्शनात एका लढाऊ विमानावर त्याचं नाव वाचलं म्हणे. माझा मुलगा विमा कंपनीत अधिकारी आहे हे तिला सांगायचीही मला लाज वाटावी, अशी वेळ आणलीस. कणीक तशीच टाकून मी टॅक्सी केली.

पाहिलं तुझं विमान. टेबलावर पाटी होती, ‘काय झालं असतं तर’. म्हणजे जे कधी झालंच नाही ते करून मांडायचं. मोठ्या माणसांना हा उद्योग सुचतो कसा? आपल्या नौदलाने कधीच न घेतलेलं जेट. युद्धनौकेवरून उडून शत्रूची विमानं वाटेतच गाठणारं. करडा रंग, घडी होणारे पंख, पोटाखाली मागच्या बाजूला जहाजावरच्या तारेत अडकायचा आकडा. पुढे चिठ्ठी, रघुवीर कर्णिक, गिरगाव. आणि वैमानिक बसतो त्या जागेखाली पांढऱ्या अक्षरांत ‘ले. कमांडर यशोधन दिघे’.

पट्टी माझ्या पर्समध्ये असतेच. अक्षरं चार मिलिमीटर. तुमचं प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे खऱ्या विमानावर हे नाव जवळजवळ फूटभर उंच होईल. ते विमान आहे की दुकान?

पण मूळ मुद्दा तो नाही. अठ्ठ्याण्णव साली यशोधन नौदलाच्या परीक्षेत, मुलाखतीत, वैद्यकीय तपासणीत, सगळीकडे पास झाला. सतरा वर्षांचा होता, पालकाची सही हवी होती. ह्यांना जाऊन चार महिने झाले होते. मी सही केली नाही. तू तीन दिवस माझ्याकडे मुक्काम ठोकून बसलास, तरी केली नाही. पुन्हा हा विषय काढणार नाहीस असं कबूल करून गेलास. आणि आता सव्वीस वर्षांनी तो परळला तिकीट लावून काढलास! मला टोचायचं होतं तर घरी येऊन टोचायचंस.

रविवारी प्रदर्शन संपायच्या आत ते नाव खरवडून टाक. नाहीतर मी येऊन खरवडेन, आणि माझा हात तुझ्याइतका हलका नाही.

मालनवहिनींना नमस्कार. त्यांच्यावर माझा राग नाही. तुझ्यावरचा लोभ तूर्त स्थगित.

तुझी,
कालिंदी

*

गिरगाव,
८ फेब्रुवारी २०२४

चि. कालिंदीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मालनने मला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यामुळे शेजारच्या दोन्ही खोल्यांतही पोचलं. अक्षर अजून उत्तम आहे तुझं.

नाव मी खरवडू शकत नाही, कारण विमान माझं नाही. यशोधनचं आहे.

गेलं दीड वर्ष दर रविवारी सकाळी तो इथे येतो. तुला पोहायला जातो असं सांगतो. दुपारी निघताना आमच्या मोरीत टॉवेल भिजवतो, पिळतो आणि पिशवीत भरतो. मालन हसून हसून बेजार होते. मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तुझी आई गणिताची बाई आहे, कधीतरी हिशेब लावेल. पण तू लावला नाहीस.

चाळीस वर्षं मी गोदीत नकाशे काढले, पण असा स्वच्छ हात पाहिला नाही. बाजारात मिळणारं ते विमान जमिनीवरून उडणारं होतं. याने पंख कापले, तांब्याच्या तारेच्या बिजागऱ्या बसवल्या, आकडा तर तीनदा मोडून पुन्हा केला. मी नुसता पॉलिश पेपर मारायला. चिठ्ठीवर मामाचं नाव घालायचं, हे त्याचंच. आईला कळायला नको म्हणाला. अक्षरं मोठी झाली हे मीही सांगितलं. चष्मा न लावता लिहिली त्याने. चष्मेवाला वैमानिक नको म्हणाला!

तुझ्याविषयी वाकडा शब्द त्याने काढला नाही. एकदाच म्हणाला, आईने हे पाहिलं तर मी तिला दोष देतोय असं तिला वाटेल. तू वाचलंस आणि दोष माझ्या माथी मारलास. चालेल, मला सवय आहे.

खरवडायचंच असेल तर रविवारी अकराला ये. तो टेबलाशी उभा असतो. त्याला विचार आणि खरवड.

लोभ तू स्थगित केलास तरी इकडून चालूच आहे.

तुझा,
दादा

*

दादर,
१३ फेब्रुवारी २०२४

ती. रघुवीरदादास,
सा. न. वि. वि.

अठ्ठ्याहत्तर रविवार! अठ्ठ्याहत्तर वेळा मी तो टॉवेल साबण लावून धुतला. त्रेचाळीस वर्षांचा माणूस आईला फसवायला मोरीत टॉवेल भिजवतो, आणि माझा सख्खा भाऊ त्याला बादली देतो. सुनेला, नूपुरलाही, सगळं माहीत होतं. तुम्हा सगळ्यांना मी काय हुकूमशहा वाटते की काय? याचं उत्तर लिहू नकोस.

रविवारी गेले. तो लोकांना समजावून सांगत होता, उतरताना वेग किती, तार किती लांब खेचली जाते. घरी हा माणूस दोन वाक्यांवर तिसरं बोलत नाही. मी खांबाआड उभी राहून ऐकत होते. तेवढ्यात एक गृहस्थ, शर्टाला तीन पेनं लावलेले, त्याला म्हणाले की असं विमान आपल्याकडे कधी नव्हतंच, ही शुद्ध फसवणूक आहे. यशोधन नुसता हसला. मला राहवलं नाही. पुढे होऊन मी त्यांना विचारलं की एवढी पेनं बाळगता, समोरची पाटी वाचता येत नाही का. ते गेले. मग यशोधनने मला पाहिलं.

तो पांढरा पडला. मी विमान हातात मागितलं. त्याने दिलं. नाव तसंच आहे. खरवडलं नाही.

नंतर शेजारच्या हॉटेलात चहा घेतला. मी त्याला स्पष्ट सांगितलं की आज कागद पुढे आला तरी मी सही करणार नाही. तो म्हणाला, ठाऊक आहे. मग म्हणाला की ते विमान त्याने मनातल्या मनात शेकडो वेळा जहाजावर उतरवलं आहे, आणि दर वेळी नीट उतरलं.

मी त्याला सांगितलं की माझ्या मनात ते एकदाही उतरलं नाही.

हे मी आजवर कोणाला बोलले नव्हते, तुलाही नाही. तो माझा हात धरून बसला. मीही सोडवला नाही.

तुझ्यावरचा राग अजून पुष्कळ शिल्लक आहे. लोभाला त्याच्या शेजारी जागा करून दिली आहे.

तुझी,
कालिंदी