बिळाच्या तोंडाशी

विकास नगर, लखनौ
१६ फेब्रुवारी १९९७

प्रिय अनू,

आज रविवार. सकाळी ऊन चांगलं होतं. कपडे वाळत घातले, गाजरं आणली. दुपारी वीज गेली, तेव्हा बाबांच्या माशाच्या टाकीत सायकलच्या पंपाने हवा मारत बसले. पंप अजून चालतो.

तुझं पत्र मिळालं. घर बंद करून होळीच्या आत कायमची मुंबईला ये, असं तू लिहिलंस. समीरनेही खाली दोन ओळी घातल्यात. बरं वाटलं. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं.

तू सासरी गेल्यावर बाबांनी तो मासा मुंबईहून आणला. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये रात्रभर पिशवी मांडीवर धरून. लखनौमध्ये समुद्राचा मासा म्हटल्यावर ऑफिसातले हसले, “साहब, गोमती में क्या कमी थी?” मासा बोटाच्या पेराएवढा, आणि सोबत एक कोळंबी. तिला नीट दिसत नाही. ती वाळू उपसून बीळ करायची आणि तो दाराशी पहारा द्यायचा. बाहेर आली की एक मिशी त्याच्या अंगावर टेकवून ठेवायची. त्याने शेपूट हलवलं की दोघं आत. बाबा हे बघायला मला रोज हाक मारायचे. मी कधी पोळ्या सोडून जायचे, कधी नाही. पाणी आटलं की वरून साधंच पाणी घालायचं, मीठ खालीच राहतं, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल.

आता समीरने तुला सांगितलं नसेल ते सांगते. बाबा गेले तेव्हा तुला डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही, म्हणून दहाव्याचं सगळं जावई असून त्यानेच केलं. मीही घाटावर गेले होते. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समीर हात जोडून म्हणाला, आईंना आम्ही घेऊन जाऊ. मग म्हणाला, अनघाचं सगळं नीट करू. कावळे झाडावरच बसलेले. इथल्या पंडितजींना घाई होती. “माताजी, गाय को खिला दीजिए, हो जाएगा.” मी पुढे झाले आणि हळूच म्हणाले, “मासा मी सांभाळीन.” कावळा खाली आला. मी असलं फार मानत नाही, तुला माहीत आहे. पण बोलून गेले.

नंतर थंडीत कोळंबी मेली. मासा अजून तिथेच उभा असतो. बीळ उपसणारं कोणी नाही, वाळू सारखी घसरते. त्याचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, असं बाबा म्हणायचे. म्हणजे तोही म्हाताराच झाला. त्याला आता पुन्हा पिशवीत घालून रात्रभर हलवणं मला जमणार नाही.

म्हणून हे लिहिते आहे. मी येत नाही, अनू. तूच ये. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि माहेर अजून उघडं आहे. तुझ्या खोलीतली गादी उन्हात घातली होती. डॉक्टरांना विचारून सातव्याच्या आत ये, समीर सोडायला येईल. वीज आली आहे. मघाशी स्वेटरच्या सुईने बिळाच्या तोंडावरची वाळू काढली होती, ती पुन्हा घसरलेली दिसते. पाकीट चिकटवते आणि सुई घेऊन जाते.

तुझीच,
आई