पिशवी कुठे ठेवली होती

ता. ९ जून

प्रिय दादा,

वाकून नमस्कार. तू पाय मागे घेशील, ठाऊक आहे.

इकडे सगळं ठीक. मोठीची परीक्षा संपली, धाकटीचा दात पडला. आमच्या रक्तपेढीत नवी खुर्ची आली आणि पहिल्याच दिवशी तिचं चाक निखळलं. फोन करता आला असता, पण फोनवर मी विषय बदलते. तू मला भित्री भागूबाई म्हणायचास ते उगाच नाही.

काल वहिनीचा फोन आला. तुझ्या कारखान्यातल्या वेल्डरच्या मुलाला रक्त हवं होतं, गट तुझाच, आणि तू नाही म्हणालास. "माझं नको. ते लागू पडत नाही. बापालासुद्धा नाही पडलं." सांगताना वहिनी रडत होती. मी म्हणाले, त्याला थोडा वेळ दे. मग बाथरूममध्ये नळ सोडून बसून राहिले.

तो दिवस तू विसरला नसशीलच. पायाच्या जखमेतलं विष बाबांच्या रक्तात भिनलं होतं आणि औषधांनी हात टेकले होते. त्यांनी त्याच्या चार वर्षं आधी तुला घराबाहेर काढलं होतं, तरी एका फोनवर आलास. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवायला आदल्या दिवशी दिलेल्या इंजेक्शनाने तुझी हाडं ठणकत होती, दोन्ही हातांत सुया, आणि तू तीन तास खुर्चीत. नाकाला खाज सुटली तेव्हा मीच खाजवलं. मी समजावत होते की तुझ्या पांढऱ्या पेशी बाबांच्या अंगात जाणारच नाहीत. त्यांच्या रक्तातलं पिवळं पाणी यंत्रात बाहेर येणार, तुझ्या पेशींजवळून फिरून साफ होणार आणि परत जाणार. तू हसलास.

"म्हणजे घराबाहेर उभं राहूनच काम करायचं. सवय आहे मला."

पुढचं तुला माहीत नाही.

भरलेली पिशवी माझ्या हातात आली. रक्ताची पिशवी आली की फ्रीजमध्ये, अठरा वर्षं माझे हात हेच करत आलेत. पांढऱ्या पेशींना गारठा सोसत नाही, त्या बाहेर टेबलावरच ठेवायच्या. नव्या मुलींना हे मीच शिकवते! यंत्राची जुळवाजुळव होईपर्यंत दोन तास गेले. न्यायला माणूस आला, मी टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं.

फ्रीजमधून काढली तेव्हा थंडगार होती. ॲप्रनच्या आत पोटाशी धरून पाच मिनिटं उभी राहिले, ऊब द्यायला. मग देऊन टाकली.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "पेशी मलूल आहेत. कुठे ठेवली होती पिशवी?"

"टेबलावर," मी म्हणाले.

त्यांना वाटलं, बाबांच्या रक्तातल्या विषापुढेच पेशी टिकत नाहीत. खरं बोलले असते तर दुसरा दाता बोलावता आला असता. यादीत दोघे होते. तुला मात्र सांगितलं, जुळल्या नाहीत रे. दुसऱ्या दुपारी बाबा गेले. निघताना तू म्हणालास, "त्यांना माझं कधी काही पटलं नाही, रक्त तरी कसं पटणार?" आणि मी, सख्खी बहीण, तुझा डबा भरत राहिले.

दोन वर्षं झाली, तो गारवा तळहातातून जात नाही. घरी फ्रीजमधली दुधाची पिशवी नवराच काढतो. कामावर कुठलीही पिशवी उचलली की बाबा मागे येऊन उभे राहतात. रागावत नाहीत. नुसतं विचारतात, कुठे ठेवली होतीस?

उद्या सकाळी डॉक्टरांना सगळं सांगणार आहे. नोकरी राहील, जाईल. आधी तुला सांगायचं होतं. माफी मागायला तोंड नाही माझं. तू फक्त त्या वेल्डरच्या घरी जाऊन ये.

बाबा वाचले असते का, देव जाणे. पण पिशवी भरल्याबरोबर एक थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. चांगल्या होत्या, दादा. सगळ्या हलत होत्या.

तुझ्या दाराबाहेर उभी,
भागूबाई