लिनेआच्या लाकडी चपला

लुंड, शुक्रवार

प्रिय आई,

मी खुशाल आहे आणि तू विणलेले लोकरी मोजे रोज घालते. प्रयोगशाळेतले सगळे चांगले आहेत. लिनेआसुद्धा चांगली आहे, तेच तर दुखणं आहे.

माझ्या उंदराच्या मेंदूत केसाहून बारीक तार बसवली आहे. काही आवडतं मिळणार असं वाटलं की मेंदूत डोपामिन सुटतं आणि पडद्यावरची रेघ चढते. औषध टोचायचं आणि रेघ किती चढते ते बघायचं, हे माझं काम. सुईत औषध आहे की नुसतं मिठाचं पाणी, हे टोचणाऱ्याला आधी सांगत नाहीत; ते बंद पाकिटात लिहिलेलं असतं.

मंगळवारी रेघ सरसर चढली. मी खूश होऊन सगळ्यांना बोलावलं. पाकीट उघडलं, तर मिठाचं पाणी निघालं. तेवढ्यात बाहेर लिनेआच्या लाकडी चपला पुन्हा वाजल्या आणि रेघ पुन्हा चढली. रोजचा खाऊ तीच देते ना त्याला.

"यल्वा, तू औषध नाही, लिनेआला मोजलंस," आमचा प्रमुख बर्टिल म्हणाला.

आई, पिंजरा मी साफ करते. माझ्या पावलांना रेघ ढिम्म हलत नाही.

चुकेल त्याने शुक्रवारी केक आणायचा, ही इथली रीत. मी तुझा बदामाचा केक केला. लिनेआने दोन तुकडे खाल्ले, वर कृती मागितली. मी दिली. लोणी निम्मंच सांगितलं.

तुझा गुडघा कसा आहे? धाकटी टोवे तुझ्याजवळ आहे, म्हणून मला काळजी नाही. फोनवर माझा आवाज ऐकून सिक्स्टन अजून शेपूट हलवतो का, की आता फक्त टोवेसाठीच? तिला विचारू नकोस. ती खरं सांगेल.

तुझी थोरली,
यल्वा