दीपस्तंभाचा दाखला

प्रिय दिग्विजय,

प्रभूच्या नावानं सलाम. मंडळीपुढं मी तुला पाळकसाहेब म्हणतो, पण संडे स्कूलला ज्याच्याकडून वचनं पाठ करून घेतली त्याला पत्रात अहोजाहो लिहायला हात धजत नाही. तसा आज तो कशालाच धजत नाही. काल दुपारपासून मी सुन्न आहे. दुकानात विहिरीवरची एक जळालेली मोटार अर्धी उलगडून पडलीय, तांब्याची तार बाहेर लोंबतीय, आणि एक वेढा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजणारा मी तिच्याकडं नुसता बघत बसलोय. फोन तू उचलत नाहीस. बरोबर करतोस.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण उत्तर अर्धवट ठेवायची मला सवय नाही. पावसाळा संपता संपता तू विचारलं होतंस, काका, संदेशाच्या तयारीला कोणते उपदेशसंग्रह घ्यावेत, तुमचं वाचन दांडगं आहे. तुझी मल्लम्माकाकू तेव्हा आजारी होती, ते राहून गेलं. तर माझं मत असं, की ज्या संग्रहात शास्त्रभाग आधी नीट उलगडलाय, कोण कुणाला कुठल्या प्रसंगी बोललं हे सांगितलंय, तो घ्यावा. ज्यात पहिल्याच पानावर रडवणारी गोष्ट आहे आणि वचन तिच्या शेपटाला बांधलंय, तो दुकानातच ठेवून यावा. भाषांतर असेल तर दोन पानं मोठ्यानं वाचून बघावीत. आपली जीभ अडखळली तर ऐकणाऱ्याचा कानही अडखळणार. आणि संग्रह तयारीच्या शेवटी उघडावा. आधी चार दिवस आपण एकट्यानं वचनाशी झटावं, नाहीतर दुसऱ्याच्या गुडघ्यांवर प्रार्थना केल्यासारखं होतं. हे मला कुणी शिकवलं नाही. नववी नापास माणूस मी. मोटार बांधायला शिकलो तसाच, शब्दकोश शेजारी ठेवून, इंग्रजी संग्रह वाचायला शिकलो. तू पाळक होऊन परत येईपर्यंत भूमच्या आपल्या मंडळीला पाळक टिकत नव्हता, तेव्हा वर्षानुवर्षं रविवारचा संदेश मीच दिला.

त्यातला दीपस्तंभाचा तुला आठवत असेल. वादळात सापडलेलं गलबत आणि खडकावरचा दीपस्तंभ, असा दाखला होता. मी त्याच्या भिंगाची रचनासुद्धा समजावून सांगितली होती. दुसऱ्या दिवशी धुरपदाबाई दुकानापुढनं चालल्या होत्या. थांबून म्हणाल्या, लई ग्वाड सांगितलंस रं, त्या दारातल्या कंदिलाचं. मी म्हणालो, मावशी, कंदील नव्हे, दीपस्तंभ. त्या म्हणाल्या, व्हय व्हय, त्योच. वय झालं की ऐकलेलं असं निसटतं, हे मी घरी मल्लम्माला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हसली फक्त.

ती बिदरच्या बाजूची, मराठीला कानडी हेल, वाचायची ते अक्षराखाली बोट धरून. माझ्या पुस्तकांवरची धूळ पुसायची, उघडायची नाही. उपासना सुटली की मी गाडी काढून फाटकात हॉर्न वाजवत बसायचो आणि ती मंदिरामागच्या हौदापाशी म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्यात. दर रविवारी हेच. मागं बसली की मी विचारायचो, अगं, एवढं काय बोलायचं असतं? ती म्हणायची, तुमचंच की. मला वाटायचं, चेष्टा करतीय.

तिच्या मातीच्या दिवशी तू संदेश दिलास. एक बाई होती, म्हणालास. तिच्या मंडळीतला उपदेशक फार अभ्यासू, पण त्याची भाकरी इतकी कडक की म्हाताऱ्यांना चावायची नाही. ही बाई ती भाकरी दुधात कुस्करून त्यांना भरवायची. मग तो घास कुणी दिला म्हणायचं, एवढंच विचारून तू प्रार्थना केलीस. सगळं मंदिर रडत होतं. मी रडलो नाही. मला संताप आला. माझी बायको समोर पेटीत, आणि तिच्याविषयी एक वाक्य नाही, नावसुद्धा नाही. इतका घोटीव दाखला नक्कीच कुठल्यातरी संग्रहातनं आयता उचललेला. पुढच्याच कमिटीत मी उभा राहून तसं म्हणालो. पाळकसाहेबांनी माझ्या बायकोच्या मातीला दुसऱ्याचा उपदेश वाचला, पुस्तकाचं नाव मी पानासकट देईन. तू माझ्याकडं बघितलंस, तोंड उघडलंस, आणि मिटलंस. मंदिराची किल्ली टेबलावर ठेवून तामलवाडीला आईवडलांकडं निघून गेलास. आपले सेक्रेटरी बजरंग मला म्हणाले, कुमारभाऊ, हा विषय सोडा. मला वाटलं, तुझी बाजू घेतायत.

मग मी एकेक संग्रह काढला. मराठी सगळे, इंग्रजी सगळे, सोलापूरहून एक नवा मागवला तोही. तो दाखला कुठंच नाही. शेवटी म्हटलं, पूर्वी एखाद्या बाहेरच्या पाळकानं सांगितला असेल, म्हाताऱ्यांना आठवेल. म्हणून काल धुरपदाबाईंकडं गेलो. त्या अंगणात शेंगा फोडत होत्या. ही गोष्ट आधी कुणाच्या तोंडून ऐकलीय का, विचारलं. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाल्या, येडा का खुळा रं तू? ऐकायची कशाला, म्या खाल्लीया ती भाकर. तू बोलायचास त्यातलं आमाला कुठं काय कळत हुतं, बाबा? मल्ली सांगायची हौदापाशी. दर्या कुणी बघितलाय हितं? ती म्हणली, रातच्याला मोटार सुरू कराया रानात गेलेल्या मानसाला घर घावावं म्हणून बाई दारात कंदील ठिवती, तसा द्येव. तवा डोस्क्यात शिरलं. ह्यो दिग्विजय बी चड्डीतला आमच्यातच बसायचा, पाय हलवत.

 हे कुणाकुणाला ठाऊक होतं, विचारलं. तुला सोडून समद्यांला, म्हणाल्या. तिनंच बजावलं हुतं. त्येंला सांगू नका म्हणायची, लई कष्टानं वाचत्यात. मग धुरपदाबाईंनी मला पाणी दिलं, आणि आता जा, बस घरी, म्हणाल्या.

दिग्विजय, तू तिचं नाव का घेतलं नाहीस ते काल कळलं. कमिटीत तोंड उघडून का मिटलंस तेही. एक वाक्य बोलला असतास तर तुझ्यावरचा आळ तिथंच गेला असता, आणि त्या खोलीत मी उघडा पडलो असतो. तू किल्ली ठेवलीस. तुझी बदली मागायचा ठराव रविवारी उपासनेनंतर होणार आहे. आरोप मागं घेतल्याचं मी आज सकाळीच बजरंगना लिहून दिलंय, पण तेवढ्यानं भागत नाही. पुस्तकाचं नाव देईन असं मी सगळ्यांपुढं कबूल केलंय, ते द्यायला पाहिजे. रविवारी उपासनेत उभा राहून मी मल्लम्माचं नाव घेणार आहे. पान सांगता येणार नाही. तेव्हा तू तिथं असावंस. किल्ली बजरंगांकडनं मागून घेतलीय, माझ्या खिशात आहे, तुझ्या हातात द्यायची आहे. आणि आणखी एक मागतो. धुरपदाबाईंना थोडंच आठवतं, बाकीच्या म्हाताऱ्या आता राहिल्या नाहीत. पाय हलवत बसलेला तूच तेवढा उरलायस. उपासना सुटल्यावर मी हौदापाशी येईन, हॉर्न वाजवणार नाही. इतकी वर्षं मी काय उपदेश केला, ते मला ऐकायचंय.

तुझाच,
कुमारकाका