बिबळ्याचा पेला

अप्पा, तुमच्यावरचा माझा संशय अजून फिटलेला नाही. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, निजामाचं राज्यही गेलं, पण त्या पेल्याला हात लागला की तुमचं तोंड आठवतं आणि माझं डोकं फिरतं.

अव्वाला, माझ्या आईला, साखरेचा आजार. ती लघवीला बसायची तिथे मुंग्या जमायच्या. खटकचिंचोळीच्या वैद्यांनी सांगितलं, बिबळ्याच्या लाकडाचा पेला करा, रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी ते प्यायला द्या. तुम्ही डोंगरावरच्या सरकारी जंगलाचे चौकीदार, तुम्हाला काय अवघड होतं? खरं आहे, जंगलतोडीचा ठेका घेतलेल्या गुत्तेदारांनी बिबळे गाड्या भरभरून नेले होते, राहिलेल्यांची साल लोकांनी औषधाला सोलली होती. तुम्ही चुलीपुढे बसून भाकरी मोडलीत आणि खाली बघत म्हणालात, "डोंगरावर एकबी बिबळा उरला न्हाई."

आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी पेला घेऊन आलात! कुठून, ते सांगितलं नाहीत. बिबळ्यात पाणी रात्रीतून रंग धरतं म्हणे. मी रोज पहाटे झाकण काढून बघायची, तर पाणी आडातून शेंदल्यासारखं नितळ. अव्वा मात्र ते गटागटा प्यायची आणि शेजारणीला सांगायची, "ह्यांनी डोंगर पालथा घालून आनलाय. मला बरं वाटायलंय." ती गेली तेव्हा पेला तिच्या उशाशी होता.

तुम्ही गेल्यावर मी सरपणाला डोंगर चढले आणि मला तो दिसला. कुठे, ते इथेही लिहिणार नाही, कागदाचा काय भरवसा. माझ्या कवेत न मावणारा बिबळा, भोवती तुमच्या हातची दगडांची रास. बुंध्यावर कुऱ्हाडीचा एकच जुना घाव, त्यातला लाल डिंक वाळून काळा पडलेला. म्हणजे तुम्ही हात उचलला होता. मग थांबलात कामून? अव्वापुढे एक फांदी जड झाली? पेला कोरणाऱ्या सुताराला कळलं की गावाला कळणार, गावाला कळलं की गुत्तेदाराला, हे मला समजतं हो. तरी राग जात नाही.

आता मलाही तोच आजार आहे. परवा मुलगा म्हणाला, "आई, तू डोंगराखाली वाढलीस, बिबळा कुटं हाय ठावं असंल की तुला." पोरगा गुणाचा आहे. पण त्याचे मित्र? मी खाली बघून म्हणाले, "एकबी उरला न्हाई, बाबा."

हा कागद चुलीत घालते. रात्री मी तुमच्याच पेल्यात पाणी ठेवते, अप्पा. आज सकाळीही झाकण काढून रंग आला का बघितलं, आणि ते नितळ पाणी तसंच पिऊन टाकलं.